मायं प्लास्टिक

धाडहून चिखलीला जाताना डाव्या हाताला एक गाव लागतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या अर्धं गाव दारात येऊन उभं राहील आणि म्हणेल, आमच्या पाण्याची गोष्ट तू कोणाले इचारून लिहिली बे? तेव्हा नाव राहू द्या. गावाला एक लहानसं धरण आहे, धरणाखाली फिल्टर प्लांट आहे, आणि त्या प्लांटवर बावीस वर्षं झाली, वहाबभाई आहे. एवढं पुरतं.

प्लांटच्या पाटीवर कोणे एके काळी 'जलशुद्धीकरण केंद्र' असं लिहिलं होतं. त्यातला 'शु' एका उन्हाळ्यात गळून पडला आणि मागं 'जल द्धीकरण' उरलं. नवख्या माणसाची तिथं जीभ अडकते. गावातलं कोणी ते वाचायला जात नाही, सगळे नुसतं 'फिल्टर' म्हणतात.

वहाबभाई पिंजाऱ्याच्या घरचा. त्याचा बाप धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या पिंजत फिरायचा. पुढं बाजारात तयार गाद्या आल्या, धुनकी माळ्यावर गेली आणि वहाब फिल्टरवर लागला, तुरटीच्या गोण्या उचलायला. दोन वर्षांत गड्यानं तुरटीचं सगळं मर्म ओळखलं. धरणातून येणारं पाणी गढूळ. त्यात तुरटी सोडली, हळूहळू ढवळलं, की न दिसणारा बारीक गाळसुद्धा एकमेकाला चिकटतो, त्याचे पांढुरके पुंजके होतात आणि जड होऊन तळाला बसतात. साहेब लोकांकडं त्या पुंजक्यांना इंग्रजी नाव आहे. वहाबभाई त्यांना कापूस म्हणतो.

रोज सकाळी काचेच्या भांड्यात कच्चं पाणी घ्यायचं, तुरटी कालवायची, डोळे बारीक करून बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं: 'कापूस बरा.' पावसाळ्यात: 'कापूस जाड.' एकदा तुरटी भेसळीची आली तेव्हा त्यानं लिहिलं होतं, 'कापूस नाही. तुरटीवाला चोर.' तपासणीला आलेल्या साहेबानं खाली लाल शाईनं विचारलं, 'कोणता कापूस?' वहाबभाईनं त्याखाली निळ्या शाईनं उत्तर दिलं, 'पाण्यातला.' पत्रव्यवहार तिथंच मिटला.

कापूस बसला की वरचं निवळ पाणी वाळूतून गाळायचं, ब्लिचिंग द्यायचं, शुद्ध पाण्याच्या टाकीत सोडायचं, तिथून गावाला. वाळूतून उतरणाऱ्या पाण्याचा पहिला पेला रोज वहाबभाई स्वतः प्यायचा. "जे मी पेत नाई ते गावाले देत नाई," असं तो चारचौघांत छाती काढून सांगायचा, आणि ते शंभर टक्के खरं होतं. पण त्याच्या घरात काय चाललं होतं ते मात्र तो कोणाला सांगत नव्हता.

त्याचं असं झालं. मागच्या पावसाळ्यात दोन दिवस वीज नव्हती आणि तिसऱ्या दिवशी नळाला पिवळसर पाणी आलं. वहाबभाईची बायको अमीना त्या पाण्याकडं बघून म्हणाली, "आजच्या दिवस मी जावेदकडून जार मागवते." जावेद तिचा सख्खा धाकटा भाऊ. गावात थंड पाण्याचे जार विकायचा. आजच्या दिवसाचा जार आला, तो दुसऱ्या दिवशीही आला, आणि बघता बघता अमीनाच्या माठात जारचं पाणी कायमचं वस्तीला आलं. नळाचं पाणी मोरीतल्या ड्रममध्ये. तिच्या भाषेत माठातलं ते प्यायचं पाणी, ड्रममधलं ते वापरायचं पाणी.

वापरायचं पाणी! बावीस वर्षं ज्यानं गावाला पाणी पाजलं, त्याच्याच बायकोनं त्याच्या पाण्याला भांडी घासायला लावलं. वहाबभाईनं भांडून पाहिलं, रुसून पाहिलं, शेवटी फिल्टरवरून स्टीलची बाटली भरून घरी न्यायला लागला. जेवताना अमीना माठातलं प्यायची आणि हा बाटलीतलं. दोघं नवरा-बायको एका ताटाशी बसून दोन गावचं पाणी पीत होते.

(घरात दोघं बोलतात ती बोली निम्मी वऱ्हाडी, निम्मी हिंदी. आपण वऱ्हाडीच लिहू, अमीनाला चालते.)

तर अशात, मे महिन्यात, चिखलीच्या एका कॉलेजातली गार्गी नावाची पोरगी फिल्टरवर आली. सुती कुडता, सुती ओढणी, खांद्यावर स्टीलचे डबे आणि काचेच्या बाटल्या. परवानगीचं पत्र दाखवून म्हणाली, "चाचा, मी मायक्रोप्लास्टिक मोजायला आले."

आता आपल्याकडं 'माझं'ला 'मायं' म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे. वहाबभाईला ऐकू आलं, 'मायं क्रोप्लास्टिक.'

"तुयं प्लास्टिक?" तो म्हणाला. "तुयं प्लास्टिक इथी कायले मोजतं, पोरी? घरी मोज ना."

"माझं नाही हो! मायक्रो. म्हणजे बारीक. पन्न्या, बाटल्या, नायलॉनचे कपडे झिजून झिजून त्यांचा भुगा होतो, तो पाण्यात उतरतो. तुमच्या फिल्टरमध्ये तो किती अडकतो ते बघायचंय."

"अन् तो पोटात गेला तं काय होते?"

"त्याचं संशोधन चालू आहे. पण कमी गेलेला बरा, नाही का?"

वहाबभाईला पोरगी पटली. त्यानं तिला हौसेनं सगळं दाखवलं. तिनं एक नमुना कच्च्या पाण्याचा घेतला, एक कापूस बसल्यानंतरचा, एक वाळूखालचा. चौथा गावातल्या नळाचा हवा होता, म्हणून वहाबभाई तिला घरीच घेऊन गेला. तिथं अमीनानं पाहुणीपुढं माठातल्या पाण्याचा पेला ठेवला. पोरगी ते प्यायली आणि म्हणाली, "चाची, हे पण एक लिटर देता का?" असा पाचवा नमुना निघाला. जाताना तिनं वहाबभाईला बजावलं की नमुना घेताना नायलॉनचा कपडा जवळसुद्धा आणायचा नाही, त्याचाच भुगा पाण्यात पडतो, म्हणून ती सुती घालून फिरते.

इथवर सगळं ठीक होतं. त्यानंतर वहाबभाई दळण आणायला गेला.

गोपालची चक्की म्हणजे गावाचा रेडिओ. गोपाल चाळीस वर्षं चक्कीशेजारी बसलेला, त्यामुळं त्याला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तो पदरचं घालतो. चक्की घरघरत होती, चार बायका डबे घेऊन बसल्या होत्या. गोपाल ओरडला, "वहाब, कोन पोरगी आली होती बे फिल्टरवर?"

"कॉलेजची! पाणी तपासाले!"

"काय निंघालं पाण्यात?"

"मायक्रोप्लास्टिक!" वहाबभाई घसा फाडून म्हणाला.

"तुयं प्लास्टिक?"

"हाव!" घरघरीत अर्धंच ऐकून वहाबभाई म्हणाला. "मायक्रोप्लास्टिक!"

त्या 'हाव'नं घात केला. गोपालला वाटलं, माणसानं कबुली दिली. चार बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि दळण तसंच टाकून एक उठून गेलीसुद्धा. संध्याकाळपर्यंत गावात झालं, की वहाब पाण्यात त्याचं प्लास्टिक टाकते. दुसऱ्या दिवशी झालं, की तो तुरटी विकते अन् तुरटीच्या जागी पन्न्या उकळून टाकते. तिसऱ्या दिवशी धामणगाव बढ्याहून एका लेकीचा आईला फोन आला, "माय, तुमच्या गावात म्हने प्लास्टिकच्या गोया पाण्यातून देऊन राह्यले?" आता बोला, भुग्याच्या गोळ्या झाल्या!

वहाबभाई दारोदार फिरला. "मायं नाही, मायक्रो!" असं म्हणायचा. लोक म्हणायचे, "तेच तं आमी म्हणून राह्यलो." तो म्हणायचा, "बारीक प्लास्टिक!" लोक म्हणायचे, "बारीक करून टाकतं, म्हून तं दिसत नाई." शेवटी त्यानं हात टेकले. चौथ्या दिवशी नळ आला तेव्हा बायका घागरी न घेता बादल्या घेऊन आल्या. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. वहाबभाई कोपऱ्यावर उभा राहून बघत होता, आणि त्याच्या पाण्यात त्याच्या डोळ्यांदेखत गोधड्या भिजत होत्या.

मग सरपंच गोजरबाईनं ग्रामसभा बोलावली. गोजरबाई साठीची, आवाज खणखणीत, सरपंचकी नवऱ्याच्या हाती न देणारी बाई. तिनं विषय लिहून लावला: 'नळाचे पाणी फक्त वापरण्यासाठी ठेवणे व पिण्यासाठी जारची सोय करणे.' खाली सही. म्हणजे जे अमीनानं घरात केलं, ते आता अख्खं गाव ठराव करून करणार होतं. त्या दिवशी वहाबभाईनं फिल्टरवर सवयीनं पहिला पेला भरला आणि तो तसाच हातात घेऊन बसून राहिला. त्याला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदका देऊन आलं.

सभेच्या आदल्या दिवशी तो जीपमध्ये कोंबून घेऊन चिखलीला गेला. गार्गीचं मोजून झालं होतं. तिनं एक कागद पुढं सरकवला.

"चाचा, लिटरमागं सांगते. धरणाच्या पाण्यात एकशे सोळा कण. तुमचा कापूस बसल्यावर एकोणतीस. वाळूखाली चार."

"चार?"

"फक्त चार! एवढ्या जुन्या प्लांटवर. सर म्हणाले, तुरटीचा डोस देणारा माणूस कोण आहे, त्याला भेटायचंय."

वहाबभाई खुर्चीत सरळ झाला. त्याला बाप आठवला. दिवसभर पिंजून झाल्यावर बाप कापसाचा एक बोळा घ्यायचा आणि घरभर जमिनीवरून फिरवायचा. कोपऱ्यातली पींज, धूळ, केस, सगळं त्या बोळ्याला चिकटून यायचं. वहाबभाई म्हणाला, "पोरी, कापसाले गाळ काय अन् प्लास्टिक काय. जे भेटते त्याले धरते."

"हे मी लिहून घेऊ?"

"घे ना. पुढं सांग."

पोरीनं कागदावरचं बोट खाली सरकवलं. "पुढं घोळ आहे. तुमच्या घरच्या नळाला तेरा निघाले."

"चाराचे तेरा? वाळूतून गायल्यावर वाढले?"

"हो. मधे कुठंतरी नऊ वाढतात. पाइपातून असतील कदाचित. तुम्हीच बघा," असं म्हणून तिनं त्याला मायक्रोस्कोपपाशी नेलं.

वहाबभाईनं डोळा लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग उजेड झाला आणि त्या उजेडात निळी तुकडी दिसली. चपटी, फाटक्या कडेची, आणि तिच्यातून आडव्या-उभ्या विणीच्या रेघा गेलेल्या. बाजूला दुसरी. तीही निळी. तिसरीही.

त्यानं डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. ती वीण त्याच्या ओळखीची होती. शुद्ध पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण दोन वर्षांपूर्वी गंजून मोडलं होतं. त्यानं पंचायतीत अर्ज दिला, पुन्हा दिला, तिसऱ्यांदा दिला. झाकण आलं नाही. मग टाकीत कावळे हाडकं टाकायला लागले तेव्हा त्यानं घरून निळी ताडपत्री आणली आणि स्वतःच्या हातानं टाकीच्या तोंडावर घट्ट बांधली. दोन उन्हाळे ती तिथं करपत होती. एकशे बारा कण अडवल्याचा ज्याला एवढा अभिमान, त्यानंच पुढच्या दारातून नऊ आत सोडले होते.

"पाइपाचं असेल ना, चाचा?" गार्गीनं विचारलं.

"असंन," वहाबभाई म्हणाला, आणि मायक्रोस्कोपपासून बाजूला झाला.

"आणि हा पाचवा, माठातला. सदतीस. जार उन्हात राहतात, घासतात, झाकण दर वेळी फिरवलं की भुगा पडतो. नळाच्या जवळजवळ तिप्पट आहे बघा."

परतीच्या जीपमध्ये एका बाजूला कोंबड्यांची टोपली आणि दुसऱ्या बाजूला दोन जाडे गृहस्थ, मध्ये वहाबभाई, खिशात कागद. मनात एकच चाललं होतं. चार दाखवायचा. सदतीस दाखवायचा. तेराचं काय, पाइप म्हणायचं. पोरगी स्वतःच म्हणाली की पाइप. पाइपाला कुठं तोंड आहे बोलायला? ताडपत्री आज सोडून जाळून टाकली की कोणाच्या बापाला कळणार नाही. गाव नळाचं पाणी पिईल, जावेद गप्प बसेल, अमीनाचा माठ नळाखाली येईल.

घरी जाण्याआधी तो फिल्टरवर गेला. ताडपत्रीच्या गाठी सोडल्या. तिचा कोपरा नुसता हातात धरला तर बोटांत निळं पीठ आलं. आगपेटी खिशात होती. त्यानं ती काढली आणि पुन्हा खिशात टाकली. मग त्यानं ताडपत्रीची घडी केली, टाकीच्या तोंडावर पत्र्याचा तुकडा दगडांनी दाबून ठेवला आणि घडी सायकलला बांधली.

सभा पंचायतीच्या आवारात भरली. टेबलावर गोजरबाईसाठी आणि पाहुण्यांसाठी जावेदनं तीन जार ठेवले होते, वर हार घालायचे तेवढे बाकी होते. एरवी ग्रामसभेला दहा डोकी असतात, त्या दिवशी दीडशे होती. बायकांच्या बाजूला अमीना होती, डोक्यावरच्या ओढणीचा पदर दातात धरून.

गोपालनं सुरुवात केली. "यानं सोता मले सांगतलं. चार बायका साक्षीले हायत. म्हने मायं प्लास्टिक."

"मायक्रो म्हणालो होतो बे, बहिऱ्या! मायक्रो म्हंजे बारीक!" वहाबभाई उखडला. मग त्यानं कागद काढून वाचला. एकशे सोळा, एकोणतीस, चार. कापूस कसा बसतो, त्यात प्लास्टिक कसं अडकतं ते हातवारे करून सांगितलं. लोक ऐकायला लागले. कोणीतरी म्हणालं, "असं व्हय?" वारं फिरलं होतं.

पण गोपाल कसला सोडतो. "हे समदं बरोबर हाय. पन मले सांग, तुया सोताच्या घरी माठात कोनतं पाणी हाय? जारचं! तुयी बायको तुयं पाणी पेत नाई, अन् आमाले पाजतं?"

सगळ्यांच्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. अमीनानं पदर आणखी खाली ओढला. वहाबभाईच्या तोंडाला कोरड पडली. समोर पाण्याचे तीन जार होते, पण ते पिण्याची सोय नव्हती.

"बरोबर म्हन्ते गोपाल," तो म्हणाला. "अन् दुसरंही बरोबर म्हन्ते. मी फिल्टरच्या खाली चार म्हणालो. पन माया घरच्या नळाले तेरा हायत. हे नऊ कुठून आले, ते मले ठाऊक हाय. लोकहो, हे मायक्रो नाई. हे नऊ मायंच प्लास्टिक हाय."

त्यानं सायकलवरची घडी आणून टेबलावर टाकली आणि ताडपत्री हातानं चुरली. पांढऱ्या टेबलक्लॉथवर निळा भुगा सांडला. "टाकीले झाकण नव्हतं म्हून मी बांधली. मायी हाय, माया हातानं बांधली. आता तुमाले जो ठराव करायचा तो करा."

गोपाल वाकून भुग्याकडं बघत राहिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला सगळं नीट ऐकू आलं होतं. आणि तेवढ्यात अमीना ताडकन उभी राहिली.

"अजी, हे तं मायी ताडपत्री हाय!"

"अगं..."

"मिरच्या वाळवाची! दोन साल झाले धुंडून राह्यली! शेजारनीसंग मी याच्यापायी बोलत नाई, तिनंच नेली म्हून! अन् तुमी टाकीवर बांधली?"

हसण्याचा जो लोट उठला त्यानं सभेची शिस्त पार वाहून गेली. शेजारीण मागून ओरडत होती, "मी म्हणत होती का नाई! म्हणत होती का नाई!" गोजरबाईनं टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं.

"झाकण काऊन नव्हतं?" तिनं विचारलं.

वहाबभाई खाली बघून म्हणाला, "अर्ज देल्ला होता, सरपंचबाई. तीनदा."

गोजरबाई उठली, आत कचेरीत गेली. खडखड, धडधड आवाज आले. बाहेर आली तेव्हा हातात तीन कागद होते, त्यातल्या एकावर चहाच्या कपाचा गोल डाग. तिनं ते सगळ्यांना दिसतील असे वर धरले. बाई कडक होती, पण खोटी नव्हती.

"हे मायाच टेबलावर होते," ती म्हणाली. "माया कपाखाली. म्हंजे ह्या नऊतले काही मायेही हायत. लिहून घ्या."

एवढ्यात गोपालनं टेबलावरचा कागद उचलला होता. "अन् हा पाचवा आकडा कोनाचा? सदतीस लिवलं हाय."

वहाबभाईनं तो आकडा मुद्दामच वाचला नव्हता. जीपमध्ये ठरवलं होतं खरं, पण काही झालं तरी मेहुणा, भर सभेत त्याचं काय काढायचं! जावेद कोपऱ्यात उभा राहून चपलेच्या पट्ट्याकडं बघत होता. "दुल्हेभाई, कोनाचा हाय तो?" त्यानं हळूच विचारलं, आणि उत्तर त्याला आधीच समजलं असावं.

वहाबभाई ताडपत्रीची घडी घालायला लागला. अमीना मात्र अजून उभीच होती. तिनं एकदा भावाकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं.

"तो मायावाला हाय," ती म्हणाली. "माया माठातला. त्या पोरीनं मायाच हातून नेला होता."

तीन जार टेबलावर होते. सभा संपेपर्यंत त्यातल्या पाण्याला कोणी हात लावला नाही.

ठराव मात्र झाला नाही. गोजरबाई म्हणाली, "ठराव करून पाणी कोनाच्या गळ्याखाली उतरत नाई. आधी झाकण. मग ज्याचं त्यानं पाह्यावं, प्याचं का वापराचं." जावेदनंही कानाला हात लावून सांगितलं की जुने घासलेले जार फेकतो आणि उन्हात एक ठेवत नाही. वेल्डरनं दोन दिवसांत लोखंडी झाकण करून दिलं. गोजरबाई स्वतः टाकीवर चढून ते हलवून पाहून गेली.

चार दिवसांनी नळ यायचा होता. वहाबभाईनं टाकी उपसून, घासून, पुन्हा भरली होती. रजिस्टरात लिहिलं होतं, 'कापूस उत्तम. झाकण आले. ताडपत्री माझी होती.' साहेबानं काय विचारायचं ते विचारावं!

पाणी सोडून तो घरी आला. गल्लीत बायका दारात उभ्या होत्या. कोणाच्या हातात घागर, कोणाच्या बादली, आणि सगळ्यांची नजर वहाबच्या दाराकडं. गाव लई शहाणं. ठराव झाला नाही म्हणून काय झालं, फिल्टरवाल्याची बायको काय करते तेवढं बघायचं होतं त्यांना.

अमीना आतून आली. तिच्या कमरेवर माठ होता. घासून लालबुंद केलेला. तिनं तो नळाखाली ठेवला आणि गाळायला म्हणून डोक्यावरची ओढणी काढून त्याच्या तोंडावर टाकली.

"अमीना!" वहाबभाई एवढ्या मोठ्यानं ओरडला की चार घरांतली पोरं बाहेर आली. "नायलॉनची हाय ती! सुती घे, सुती!"

"हाय अल्ला, ओरडता काऊन?" म्हणत तिनं ओढणी काढली, आत गेली आणि त्याचा जुना सुती रुमाल घेऊन आली. माठ भरला. गल्लीतल्या बायका एकेक करून बादली ठेवून घागर आणायला आत वळल्या, पण वहाबभाईचं तिकडं लक्ष नव्हतं. तो अमीनाकडं बघत होता. तिनं पेला बुडवला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला, नाक मुरडलं.

"वास येते," ती म्हणाली. "ब्लिचिंगचा."

"येऊ दे," वहाबभाई म्हणाला. "तो मायाच हाय."

अमीना हसली आणि उरलेला पेला तिनं एका दमात पिऊन टाकला.